थंड मशीन सुरू करताना

सोमवार, ३ नोव्हेंबर

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी दैनंदिनी लिहायला बसले आहे, आणि तीही एका लॅपटॉपपायी. कंपनीच्या मदतकेंद्रातला माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, रोज सुरू व्हायला किती वेळ लागतो त्याची नोंद ठेवा, मग बघू." नोंद ठेवायची तर वही हवी. बाबांना विचारलं. त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून दोन जाड, रेघांच्या वह्या काढल्या, एक मला दिली आणि दुसरी हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. "ही राहू दे माझ्याकडे," म्हणाले. राहू दे की, मी कुठे मागितली!

तर आजचा आकडा: चार मिनिटं दहा सेकंद.

चार मिनिटं म्हणजे काही जगबुडी नाही. पण या महिन्यापासून नवा नियम आलाय. डॉक्टर आपले अहवाल तोंडी बोलून ठेवतात, मी घरी बसून ते ऐकते आणि टाइप करते, याला नऊ वर्षं झाली. आता सकाळी आठच्या ठोक्याला यादीत माझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला पाहिजे. एक मिनिट उशीर झाला की लेटमार्क, महिन्यात तीन झाले की नाव कमी. हजेरी बघणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या हजेरीबाई म्हणतो. स्वभावाने वाईट नाहीत, पण घड्याळापुढे त्यांना माणूस दिसत नाही.

नाव कमी झालं तर मला बाहेरची नोकरी धरावी लागेल आणि बाबांना दादाकडे जावं लागेल. आई गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, ते माझ्याकडे आहेत. एकदा न्हाणीघरात पडले, तेव्हापासून त्यांना दिवसभर एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. दादा म्हणतो, "तुला जमत नसेल तर सांग, मी नेतो." दादाकडे सगळं आहे, स्वतंत्र खोली आहे, मोठा टीव्ही आहे. बाबा मात्र एवढंच म्हणतात, "तिकडे मला करायला काही नाही." इकडे तरी त्यांना काय करायला आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. पेपर वाचतात आणि खिडकीत बसतात.

संध्याकाळी त्यांनी लॅपटॉपची चौकशी केली.

"सकाळी गारठा असतो ना," ते म्हणाले. "थंड मशीन एकदम चालवायला घेतलं की कुरकुरणारच. आम्ही बॉयलर दोन तास आधी हळूहळू तापवायचो. घाई केली की नळ्या फाटतात."

कापड रंगवायच्या कारखान्यात बाबांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. त्यांचं बॉयलरपुराण सुरू झालं की मी मान डोलावत राहते. आजही डोलावली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तेरा मिनिटं!

आधी काळा पडदा आला, मग त्यावर अक्षरं: "मागच्या वेळी हे यंत्र नीट बंद केले गेले नव्हते. सर्व फायलींची तपासणी सुरू आहे." रुग्णांची माहिती असते म्हणून कंपनीने लॅपटॉपमध्ये एक कुलूप बसवलंय, त्याची ही करामत. मी त्याला पहारेकरी म्हणते. यंत्र झटक्यात बंद पडलं की पहारेकऱ्याला संशय येतो आणि तो दुसऱ्या दिवशी एकेक फाइल हुंगत बसतो. त्याला काढता येत नाही, हलवता येत नाही.

पण मी काल नीटच बंद केला होता. बंद करा, हो, खात्री आहे, हो, आणि दिवा विझेपर्यंत थांबले होते. निदान मला तसं आठवतंय. गंमत म्हणजे टेबलावरची माझी पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती आणि ती कधी भरली हे मला अजिबात आठवत नाही. बाटली भरल्याचं विसरते ती बाई लॅपटॉप बंद करायचंही विसरू शकते. म्हणजे दोष कुणाचा, हे उघडच आहे.

"आज कसा सुरू झाला?" बाबांनी फार आशेने विचारलं.

"विचारू नका."

त्यांचा चेहरा पडला. "जरा आणखी लवकर लावायला हवा," असं काहीतरी पुटपुटले. अंघोळीच्या पाण्याबद्दल असावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तेरा मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा तोच आरोप, नीट बंद केलं नव्हतं म्हणून.

संध्याकाळी कंबर कसली. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची यादी उघडली, तर आत अकरा जण ठाण मांडून बसलेले. चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचा एक, कधी न लावलेल्या कॅमेऱ्याचे दोन. लग्नात ना वराकडचे ना वधूकडचे असे काही लोक पहिल्या पंगतीला बसलेले असतात, तसे. नऊ जणांना उठवलं. मग पहारेकऱ्याला दाखवण्यासाठी लॅपटॉप अगदी सावकाश, विधीपूर्वक बंद केला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एक मिनिट पस्तीस सेकंद!! पहारेकरी चूप!

सगळा दोष त्या नऊ फुकट्यांचा होता तर. सात पंचेचाळीसला लॅपटॉप लावला आणि पावणेआठ वाजून गेले न गेले तोच हिरवा ठिपका. बाबांना सांगायला धावत गेले, पण ते पांघरूण घेऊन झोपले होते. रात्रीपासून कणकण आहे. कपाळ चांगलंच तापलेलं होतं. आठ वाजता उठले आणि पहिला प्रश्न, "लॅपटॉप?"

"दीड मिनिटात झाला, बाबा."

"असं कसं?" त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते बुचकळ्यात पडल्यासारखे दिसले. ताप डोक्यात गेला असेल.

आज बाटली रिकामी होती. विसरले असेन.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ये रे माझ्या मागल्या. सोळा मिनिटं.

नऊ फुकटे परत आलेत की काय म्हणून यादी उघडली. नाही आले. मग? बाबांचा ताप उतरलाय, तेवढंच बरं. मी उठले तेव्हा ते स्वेटर घालून, केस विंचरून खिडकीत बसले होते. त्यांनी मला सुप्रभात म्हणायच्या आधी घड्याळाकडे पाहिलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी अठरा मिनिटं. लॅपटॉपला हात लावला तर तो कोमट लागला, म्हणजे सुरू करायच्या आधीच. बंद लॅपटॉप कोमट कसा असेल? टेबल खिडकीपाशी आहे खरं, पण ऊन तिथे दहाशिवाय येत नाही.

दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा माणूस बोलताना ओठांत तीन-चार स्क्रू धरतो, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं दातांमागे राहतं. मी त्याला मनात स्क्रूमहाराज म्हणते. त्याने पंखा काढला, आतली धूळ फुंकली, स्मरणशक्तीची एक पट्टी वाढवली (लॅपटॉपच्या, माझ्या नव्हे) आणि माझ्यासमोर सुरू करून दाखवला. एक मिनिट दहा सेकंद.

"सकाळी हा कोमट असतो," मी म्हटलं.

त्याने स्क्रू हातात घेतले. "बंद मशीन तापत नसतं, ताई."

"पण तापतं."

"मग ते बंद नसतं."

आता याला काय सांगायचं? मी स्वतः बंद करते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एकवीस मिनिटं. आठ वाजून एक मिनिटाला ठिपका हिरवा झाला आणि दोन मिनिटांत हजेरीबाईंचा संदेश, "पहिला." एवढंच. खाली हसरा चेहरा चिकटवला होता, तो मला फार लागला.

मला आता माझ्या डोक्याची भीती वाटू लागली आहे. आईचंही असंच सुरू झालं होतं, आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. संध्याकाळी लॅपटॉप बंद करताना मी बाबांना साक्षीला बोलावलं.

"बघा हं बाबा. बंद केला की नाही?"

बाबा वाकले, दिवा विझलेला पाहिला, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला. "सहा वाजून चार मिनिटं. पूर्ण बंद," असं कोर्टात सांगावं तसं म्हणाले. आणि मग हळूच, "तू काळजी करू नकोस. सकाळचं मी बघतो." सकाळचं काय बघणार आहेत कोण जाणे. चहा टाकणार असतील. त्यांनी एवढं म्हटलं याचंच मला रडू आलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुसरा.

आज साडेसातलाच लावला होता. पहारेकरी अर्ध्यावर आला आणि लॅपटॉप फट्‌दिशी विझला. हात लावला तर तव्यासारखा तापलेला. पुन्हा लावला, पुन्हा पहिल्यापासून तपासणी. आठ वाजून सोळा. हजेरीबाईंनी या वेळी फोन केला. "अहो, तुम्ही जुन्या, तुमच्यासाठी मी काय करू शकते ते सांगा," म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही. खरंच काय करणार त्या? माझं मलाच कळत नाहीये.

त्यात टेबलावर बाबांचा जाड टॉवेल पडलेला. वस्तू जागच्या जागी ठेवायला काय होतं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी निमूटपणे टॉवेल उचलला आणि घडी करून छातीशी धरून उभे राहिले. "जास्त झालं का?" म्हणाले. काय जास्त झालं?

दुपारी दादाचा फोन. त्याला सगळं सांगून बसले, हे चुकलंच. "मग सवय म्हणून दोन दिवस बाबांना पाठव," तो म्हणाला. "उद्या नेतो, सोमवारी संध्याकाळी सोडतो. आज ना उद्या ठरवावंच लागेल." बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "सोमवारी सकाळी तू एकटी?" आणि पिशवी भरायला घेतली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

एक मिनिट अठ्ठावीस सेकंद.

हसावं की रडावं? पण या वेळी कारण सापडलंय असं वाटतं. काल रविवारी मी टेबलावरचं प्लॅस्टिकचं आच्छादन काढून धुतलं आणि परत घातलं नाही. लॅपटॉपखाली हवा खेळत नसणार, म्हणून तापत होता. एवढीशी गोष्ट! स्क्रूमहाराजांना पट्टी घालायची अक्कल, आच्छादन काढायची नाही.

सात सत्तेचाळीसला ठिपका हिरवा होता. घरात आवाज नव्हता. बाटली रिकामी, चहाही माझा मीच केला. काम झटपट सुरू झालं आणि दिवस काही केल्या सरेना.

बाबा संध्याकाळी आले. दादाकडचं बोललेच नाहीत. आल्या आल्या टेबलापाशी गेले आणि लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवला. "गार पडलाय," म्हणाले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चोवीस मिनिटं. आच्छादन नाही, फुकटे नाहीत, धूळ नाही. सात वीसला लावला म्हणून वाचले, सात चव्वेचाळीसला आत. एका डॉक्टरांच्या अहवालात डावा गुडघा उजवा टाइप केला, नशिबाने परत वाचताना सापडला.

या महिन्यात आणखी एक. मग संपलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हे लिहिताना दार आतून लावून घेतलंय.

आज पुन्हा स्क्रूमहाराजांकडे गेले. त्याने बराच वेळ आत कुठेतरी शोधाशोध केली आणि एक लांबलचक यादी उघडली. मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं, सगळं मशीन स्वतःच लिहून ठेवतं म्हणे. मला माहीतच नव्हतं. त्याने बोटाने दाखवलं.

"हे बघा. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला नीट बंद. तुम्ही करता ते."

"करते ना! मी करते ना?" मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"करता. पण मग पहाटे साडेपाचला चालू. पावणेसातच्या आसपास बटण दाबून धरून बंद. त्यानंतर तुम्ही सुरू करता." त्याने ओठांतला शेवटचा स्क्रूही काढला. "घरात कोण कोण आहे?"

"मी आणि वडील. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना मोबाइलवर फोटो बघता येत नाही."

मग कोण? पहाटे साडेपाचला कुणीतरी माझा लॅपटॉप उघडतो. आत चारशे रुग्णांचे अहवाल आहेत. दूरवरून कुणी चालू करू शकतं का, असं विचारलं तर तो म्हणाला, "करू शकतं, पण बटण दूरवरून दाबून धरता येत नाही." म्हणजे माणूस घरात येतो. कंपनीला कळवायचं तर उद्याच लॅपटॉप चौकशीला जाईल आणि मी घरी बसेन. नाही कळवलं तर? शेजारच्यांकडे आपली जादा किल्ली असते. पण ते बिचारे साडेआठशिवाय उठत नाहीत!

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. घाबरतील. उद्या पाचला उठून बघणार आहे. हातात काहीतरी असावं म्हणून उशाशी लाटणं घेतलंय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बाबा.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांच्या खोलीचं दार उघडलं. मी माझ्या दाराच्या फटीतून बघत होते, लाटण्यासकट. बाबा स्वेटर, कानटोपी, पायात बूट अशा पूर्ण तयारीत आले. दिवा लावला नाही, बॅटरी आणली होती. खुर्ची ओढताना ती किंचित उचलली, म्हणजे आवाज होऊ नये. लॅपटॉप उघडला, बटण दाबलं आणि ताठ बसून वाट पाहिली. पासवर्डचं पान आलं. त्यापुढे गेले नाहीत. त्यांना पासवर्ड माहीत नाही आणि जायचंही नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात बघून वहीत काहीतरी लिहिलं. मग टॉवेल उलगडून लॅपटॉपभोवती हलकेच गुंडाळला, आजारी माणसाला पांघरूण घालावं तसा, आणि शेजारी बसून राहिले.

सव्वा तास. मध्ये एकदा माझी बाटली उचलली, उजेडात धरून पाणी किती आहे ते पाहिलं, आत जाऊन भरून आणली. पावणेसातला टॉवेल काढला, बटण दाबून धरलं आणि ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं. हे बटण दाबून धरायचं मीच त्यांना दाखवलं होतं, मागे एकदा लॅपटॉप अडकला होता तेव्हा. मग झाकण लावून त्यावर तळहात ठेवला. समाधान झालेलं दिसलं.

ते आत गेल्यावर मी धावत जाऊन लॅपटॉप सुरू केला. सव्वीस मिनिटं. सात पंधराला पहारेकरी शांत झाला.

दुपारी बाबा झोपले असताना वही पाहिली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. पेटीतली ती दुसरी वही. पट्टीने चार रकाने आखलेत: वेळ, प्रेशर, पाणी, शेरा. कारखान्यातल्या नोंदवहीसारखे. प्रेशर म्हणजे बॅटरीचा आकडा. पाणी म्हणजे माझी बाटली. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते आधी बघायचं, मगच आग लावायची, हे त्यांनी मला लहानपणी शंभरदा सांगितलंय. रकाना रिकामा कसा सोडणार?

"५ नोव्हें. ५.३४ सुरू. प्रेशर ६२. पाणी पाव, भरले. ६.४० आग दाबून ठेवली. शेरा : तरी मुलीस वेळ लागला. उद्या जास्त तापवणे."

"७ नोव्हें. ताप. हजर राहू शकलो नाही. क्षमस्व."

"११ नोव्हें. मुलीस लेटमार्क. बाहेरची हवा थंड. टॉवेल गुंडाळणे."

"१४ नोव्हें. मुलीस दुसरा. टॉवेल जास्त झाला असावा. मुलगी जेवली नाही."

"१६, १७. दुसऱ्या ठिकाणी. काम नाही."

आग दाबून ठेवणे मला माहीत आहे. पाळी संपताना निखारे राखेखाली झाकायचे, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला पटकन भट्टी पेटवता येते. बाबा रोज पहाटे उठून माझ्यासाठी निखारे झाकत होते. आणि त्यानेच पहारेकरी पिसाळत होता.

काखेत कळसा म्हणतात तो हा. राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण आता सांगायचं कसं? एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एक नळी फुटली नाही, हे आमच्या घरातलं एकमेव पदक आहे. त्यांना जाऊन म्हणू, की बाबा, माझे दोन्ही लेटमार्क तुमच्यामुळे? मग ते स्वतःच पिशवी भरतील आणि दादाकडे जातील. दुसरीकडे, नाही सांगितलं तर तिसरा येईलच. दुपारभर एकाच अहवालातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत बसले.

शेवटी संध्याकाळी थाप मारली.

"बाबा, सकाळचं मशीन तुम्ही तापवता ना, मला माहितीय." ते एकदम उभे राहिले. "अहो, बसा. चांगलंच आहे. फक्त कंपनीचा नवा आदेश आलाय. पहाटे लावायचा नाही. सात पस्तीसला लावायचा आणि बंद करायचा नाही. चालूच ठेवायचा, मी येऊन बसेपर्यंत."

"आग दाबायची नाही?"

"नाही. आणि टॉवेल नको. याला वारा लागतो."

"चालू मशीन सोडून जाता येत नाही," ते म्हणाले. "कुणीतरी समोर बसायला हवं. नियम आहे."

"मग बसा की."

"आदेशाचा कागद दाखव."

"तोंडी आहे. फोनवर."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे. तोंडी आदेश म्हणून नोंद करतो."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

एक मिनिट तीस. सात पस्तीसला बाबांनी लावला आणि घड्याळात बघून मोजला, मी सात चाळीसला आले तेव्हा ते पासवर्डच्या पानासमोर ताठ बसून होते. उठून खुर्ची मला दिली. "चार्ज घे," म्हणाले. मी म्हटलं, घेतला.

सुटले एकदाची. त्यांना काही कळलंही नाही आणि सगळं रुळावर आलं. मला इतकं सफाईने खोटं बोलता येतं हे ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बाबा आपली वही घेऊन आले. उघडच, लपवायचं कारण उरलं नाही ना. "तुझ्याकडे रोजचे आकडे आहेत. मला सांग, उतरवून घेतो. नोंदवही पुरी असावी."

ही वही त्यांच्या हातात देणं शक्यच नव्हतं, म्हणून मी तारखेवार वाचून दाखवलं. ते आपल्या नोंदींपुढे लिहीत गेले. पाच तारखेला तेरा मिनिटं. सहाला तेरा चाळीस. सातला दीड मिनिट.

"सातला किती?"

"एक पस्तीस."

त्यांनी पान जरा जवळ धरलं. मग, "पुढे."

सतरालाही "परत सांग" म्हणाले. नंतर चष्मा काढून स्वेटरला पुसत बसले, काचा स्वच्छच होत्या. वीस तारखेपर्यंत लिहून झाल्यावर पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एकेक ओळ मोजली. जेवताना भात घेतलाच नाही. या वयात आकडेमोड थकवत असेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

एक मिनिट बावीस.

सात चाळीसला गेले तर बाबा खुर्चीत नव्हते. खुर्चीच्या मागे उभे होते, हात मागे बांधून. लॅपटॉप सुरू, बाटली भरलेली आणि शेजारी त्यांची वही उघडी. आज रकाने नव्हते. आडवी पट्टी मारून त्याखाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"दि. ५ ते २० या काळात यंत्र सुरू होण्यास विलंब. कारण : पहाटपाळीच्या माणसाने रोज मध्येच बंद केले. तो माणूस हजर नसताना यंत्र वेळेत सुरू झाले (दि. ७ व १७). यंत्राचा दोष नाही. मुलीचा दोष नाही. चूक माझी." खाली सही, पूर्ण नावाची, जशी पगारपत्रकावर करायचे तशी.

त्यांना सगळं कळलं होतं. काल संध्याकाळी, माझ्यासमोर बसून, माझ्याच तोंडचे आकडे ऐकताना. आणि मी इकडे सफाईबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते.

"बाबा, हे खोडा," मी म्हटलं.

"नोंदवहीत खोडत नसतात."

"मग फाडा पान."

"फाडायचं तर मुळीच नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. "पुढच्या माणसाला कळायला हवं काय झालं होतं ते. दादाला फोन केलास तर चालेल. मी पिशवी भरून ठेवलीय."

सात बेचाळीस झाले होते. पिशवी खरंच दाराशी होती, टॉवेल वर घडी करून ठेवलेला. माझ्या हातात शब्दांचं काम आहे, रोज दुसऱ्यांची हजारभर वाक्यं टाइप करते, आणि मला एक वाक्य सुचेना. त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली. सहीखाली त्यांनी "चार्ज घेणाऱ्याची सही" अशी जागा सोडली होती. तिथे सही केली. शेऱ्याला जागा होती. खुर्चीत बसले. मग लिहिलं, "पाणी पूर्ण. यंत्र वेळेत. सोमवारपासून या पाळीला हाच माणूस हवा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा.

"हाच?"

"दुसरा माझ्याकडे कुठे आहे?"

मी पासवर्ड टाकला, ठिपका हिरवा झाला. मागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग टॉवेल न्हाणीघराच्या दांडीवर टाकल्याचा. दादाला दुपारी सांगेन की बाबांना इथे काम आहे.

थोड्या वेळाने ते परत आले आणि माझ्या बाटलीकडे बघत उभे राहिले.

"उद्या रविवार," मी म्हटलं. "उद्या मशीन बंद, बाबा."

"असू दे," ते म्हणाले. "पाणी सुट्टीच्या दिवशीही बघावं लागतं."